लोणारचा रिकामा गळ

आमच्या घरांत मासा शिजत नाहीं. मग गळ कोठून असणार? असें असतां डिसेंबर 2019 मध्यें आमचा पुतण्या चार वर्षांनीं विलायतेहून सुटीसाठीं घरीं आला, तो एका लांब पिशवींत दोन गळकाठ्या घेऊन. तिकडे त्याला सामन्याच्या मासेमारीचा नाद लागला होता. दुसरी काठी त्यानें आमच्या चिरंजिवासाठीं आणली होती, आणि ती हातीं देतांनाच सामन्याचें आव्हानहि दिलें. जागा ठरली लोणारचें सरोवर. अकोल्याहून तें एका दिवसांत जाऊन येण्यासारखें, शिवाय आत्याबाईंना दैत्यसूदनाचें दर्शन घ्यावयाचें होतें.

वाटेंत पुतण्यानें खेळाचे नियम समजावून सांगितले. स्थिर पाण्याच्या तळ्याकांठीं क्रमांक घालून जागा आखलेल्या असतात. चिठ्ठी काढून ज्याला जी जागा येईल, तेथेंच त्यानें ठराविक तास बसावयाचें. धरलेले मासे पाण्यांत सोडलेल्या लांबट जाळींत जिवंत ठेवावयाचे. वेळ संपली म्हणजे प्रत्येकाचे मासे तोलतात आणि वजन लिहून घेऊन पुनः तळ्यांत सोडतात. ज्याचें एकूण वजन अधिक, तो जिंकला.

"परत सोडावयाचे, तर धरावयाचे कशाला?" आत्याबाईंनीं विचारलें.

पुतण्याला उत्तर सुचेना, तेव्हां आम्हीच त्याच्या मदतीस धांवलों. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें 'मत्स्यविनोद' सांगितला आहे. माशांच्या जाती, त्यांचीं आमिषें, दोरी आणि गळ या सर्वांचा त्यांत विचार आहे. "राजांचे चाळे राजांपाशीं," असें म्हणून आत्याबाईंनीं तो विषय मिटविला.

दर्शन आटोपून, धारेच्या गोड्या पाण्यानें हातपाय धुऊन, आम्ही झाडींतील पायवाटेनें खालीं उतरूं लागलों. सुमारें 1.8 किलोमीटर व्यासाची ती प्रचंड परात आणि तळाशीं हिरवें, निश्चल पाणी पाहून दोघे भाऊ हरखून गेले. इतक्यांत वनरक्षकाची दृष्टि त्या पिशवीकडे गेली.

"साहेब, हे अभयारण्य हाय. गळ टाकता येत नाही," तो नम्रपणें म्हणाला, आणि किंचित् हसून पुढें म्हणाला, "अन् टाकला तरी काय भेटन?"

दोष सर्वस्वीं आमचा होता. निघण्यापूर्वीं चौकशी करावयास हवी होती. पुतण्याचें तोंड उतरलें. हजारों मैलांवरून जपून आणलेल्या काठ्या पिशवींतून बाहेरहि निघाल्या नाहींत; आणि भावाबरोबर घालविण्यासाठीं राखून ठेवलेला तो एकच दिवस होता.

वनरक्षकाच्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मात्र विचार करण्यासारखा आहे. पुरातन काळीं दख्खनच्या काळ्या खडकावर अशनी आदळून हा खळगा झाला. झऱ्यांचें व पावसाचें पाणी त्यांत येतें, पण बाहेर पडण्यास त्याला वाट नाहीं. पाणी उन्हानें उडून जातें, क्षार मागें राहतात. हजारों वर्षें असें चालल्यानें पाण्यांत मीठ आणि सोडा दाटला. आत्याबाईंच्या मतें हा सारा लवणासुराचा प्रताप! माशाच्या शरीरांत तयार होणारा अमोनिया त्याच्या कल्ल्यांवाटे पाण्यांत जात असतो. अशा तीव्र अल्कधर्मी पाण्यांत तो बाहेर टाकणें कठीण होऊन मासा आपल्याच विषानें मरतो. आफ्रिकेंत केनिया देशांतील मागाडी सरोवरांत एक लहानसा मासा अशा पाण्यांतहि जगतो, पण तो अमोनियाऐवजीं युरिया बाहेर टाकतो. आमच्या रोहू-कटल्यांना ती विद्या अवगत नाहीं.

म्हणून हें तळें निर्जीव आहे असें मात्र नव्हे. त्याचा हिरवा रंग सूक्ष्म जीवांचाच. जून 2020 मध्यें पाणी गुलाबी झालें, तेंहि खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें. त्याच वर्षीं या सरोवरास रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला. जेथें मासा राहूं शकत नाहीं, तेथें दुसऱ्या कोणाचें तरी नांदतें घर असतें. आणि येथें राहणारे हे जीव गोड्या पाण्याच्या तळ्यांत आढळावयाचे नाहींत.

अलीकडे सरोवराची पातळी वाढून पाण्याचा खारेपणा कमी होत असल्याची चिंता अभ्यासक व्यक्त करूं लागले आहेत. लोणारच्या पाण्यांत मासा सुखानें नांदूं लागला, तर गळवाल्यांस आनंद होईल. पण तें पाणी तेव्हां लोणारचें उरलें नसेल. आमच्या मुलांना त्या दिवशीं कांहीं मिळण्याजोगें नव्हतें, हीच सरोवराची खुशाली होती.

हें ज्ञान आम्हांस मागाहून झालें. त्या दिवशीं दोघे भाऊ सामन्याचे तास पुरे करावयाचे म्हणून काठावरील एका दगडावर बसून राहिले. समोर उथळ पाण्यांत शेकाट्या आपल्या लांब लाल पायांनीं चालत होत्या. प्रथम कोणी बोलेना. मग चार वर्षांच्या गोष्टी निघाल्या, आणि ऊन उतरलें तरी त्यांना उठवावें लागलें. पुतण्यानें वहींत दोघांच्या नांवांपुढें "वजन: शून्य" असें लिहून सामना बरोबरींत सोडविला.

तो आतां पुनः विलायतेंत आहे. दिवसभर बसून एकहि मासा लागला नाहीं, म्हणजे त्याचें पत्र येतें: "आज लोणार झालें." आत्याबाई तें ऐकून समाधानानें विचारतात, "मग माशांचें बरें आहे ना?"