जिवंत पेशीतील स्रवणाचा प्रकाशवेध

जेवणानंतर रक्तातील साखरेचे प्रमाण वाढू लागले की काही मिनिटांतच स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तात इन्शुलिन सोडू लागतात. तोंडातील लाळ, जठरातील पाचकरस, मातेचे दूध, रोगजंतूंचा प्रतिकार करणारी प्रतिपिंडे ही सर्व पेशींनी आत तयार करून बाहेर सोडलेली द्रव्ये होत. या क्रियेस स्रवण म्हणतात. स्रवणात बिघाड झाला की शरीराचा सारा व्यवहार बिघडतो. मधुमेह हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे पेशी आपले द्रव्य नेमके कसे बाहेर सोडते, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

स्थिर चित्रांची मर्यादा

स्रवणाचा मार्ग प्रथम उलगडला तो जॉर्ज पॅलेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत १९६० च्या दशकात त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांना किरणोत्सर्गी ॲमिनो आम्ल थोडा वेळ पुरविले आणि ठरावीक अंतराने त्यांची छायाचित्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतली. नव्याने तयार झालेले प्रथिन आधी आंतर्द्रव्यजालिकेत, नंतर गॉल्जी संकुलात आणि सुमारे दोन तासांनी पेशीच्या कडेकडील पुटिकांत, म्हणजे पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्यांत, आढळले. या कार्याबद्दल १९७४ च्या नोबेल पारितोषिकात पॅलेड यांना वाटा मिळाला.

परंतु प्रत्येक छायाचित्रासाठी पेशी मारून घट्ट करावी लागे. एका पुटिकेचा प्रवास आरंभापासून शेवटपर्यंत पाहण्याची सोय नव्हती. वेगवेगळ्या मृत पेशींची चित्रे क्रमाने मांडून त्यावरून अनुमान करावे लागे.

अनुस्फुरणाचे साहाय्य

काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि लगेच अधिक तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्मास अनुस्फुरण म्हणतात. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली चलनी नोटेवरील क्रमांक उजळून दिसतो, तो यामुळेच. अनुस्फुरण सूक्ष्मदर्शकात पेशीवर, उदाहरणार्थ, निळा प्रकाश टाकतात. परत येणाऱ्या प्रकाशातील निळा भाग विशेष गाळणीने अडविला जातो. मग काळ्या पार्श्वभूमीवर केवळ अनुस्फुरक द्रव्य चमकताना दिसते.

हवे तेच प्रथिन चमकावे कसे, ही खरी अडचण होती. ती दूर झाली एका जेलीफिशमुळे. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये या प्राण्यातील हिरव्या अनुस्फुरक प्रथिनाची नोंद केली. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचे जनुक वेगळे केले आणि १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी ते जीवाणूत व एका सूक्ष्म कृमीत कार्यरत करून दाखविले. रॉजर त्सिएन यांनी त्याचे अधिक तेजस्वी व निरनिराळ्या रंगांचे प्रकार घडविले. शिमोमुरा, चॅल्फी व त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे जनुक दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकास जोडले की पेशी स्वतःच आपल्या प्रथिनास जणू दिवा लावून देते.

प्रवास आणि मुक्ती

१९९७ मध्ये अमेरिकेतील जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या गटाने गुरांना रोग जडविणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनास हा हिरवा दिवा जोडला. त्या प्रथिनाचा प्रकार असा की, ४० अंश सेल्सिअस तापमानास ते आंतर्द्रव्यजालिकेत अडकून राहते आणि तापमान ३२ अंशांवर आणताच एकदम मार्गस्थ होते. स्थिर चित्रांत जे मधले थांबे वाटत होते, तेच प्रथिने घेऊन गॉल्जी संकुलाकडे सरकणारे वाहक असल्याचे जिवंत पेशीत दिसून आले.

स्रवणाचा शेवटचा टप्पा पेशीच्या कडेस घडतो. तो पाहण्यासाठी शाळेत शिकविल्या जाणाऱ्या पूर्ण आंतरिक परावर्तनाचा उपयोग होतो. तिरपा प्रकाश काचेतून पूर्णपणे माघारी वळतो. मात्र काचेलगतच्या सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या थरात त्याचा क्षीण अंश पोचतो. त्यामुळे काचेस चिकटलेल्या पेशीच्या पटलाजवळील पुटिकाच तेवढ्या उजळतात. डॅनियल ॲक्सेलरॉड यांनी १९८१ मध्ये ही पद्धत पेशींसाठी वापरली. पुढे १९९७ मध्ये तिच्या साहाय्याने अधिवृक्क ग्रंथीच्या जिवंत पेशींत एकेक पुटिका पटलाशी येऊन थांबताना आणि आतील द्रव्य बाहेर सोडताना पाहता आली.

१९९८ मध्ये आम्लतेनुसार तेज बदलणारे हिरवे प्रथिन तयार झाले. पुटिकेच्या आत आम्लता अधिक असल्याने ते मंद राहते. पुटिका उघडून बाहेरच्या द्रवाशी संपर्क येताच ते उजळते. स्रवणाचा क्षण पेशी स्वतःच दर्शविते.

मधुमेहाशी संबंध

जपानमधील संशोधकांनी २००४ मध्ये मधुमेही उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बीटा पेशी या पद्धतीने तपासल्या. निरोगी पेशींत पटलालगत सज्ज असलेल्या इन्शुलिनच्या पुटिका साखर वाढताच उघडतात. मधुमेही पेशींत अशा पुटिका कमी आढळल्या आणि स्रवणाची पहिली लाट क्षीण दिसली. इन्शुलिन तयार होणे आणि ते वेळेवर बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानी येते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तीव्र प्रकाशाने पेशीस इजा होते, अनुस्फुरक द्रव्य हळूहळू विटते आणि जोडलेल्या प्रथिनामुळे मूळ प्रथिनाचे वर्तन बदलण्याचा संभव असतो. म्हणून निष्कर्ष अन्य मार्गांनीही पडताळावे लागतात. तरीही द्रव्य तयार होणे, वाहून नेणे, पटलाशी थांबणे आणि बाहेर पडणे यांपैकी नेमका कोणता टप्पा बिघडला, हे जिवंत पेशीत पाहणे आता शक्य झाले आहे. बिघाडाची जागा कळली, तरच उपायाची दिशा ठरविता येते.