टर्बोचार्जर असलेल्या मोटारीसाठी पर्यायी इनटेकची निवड : लिंबागणेश परिसराच्या संदर्भात

धुळे–सोलापूर महामार्गावरील मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या दिशेने वळले असता बालाघाटाच्या पठारावर लिंबागणेश हे गाव लागते. भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे ते सर्वत्र परिचित आहे. बीडहून तेथे जाणाऱ्या वाहनास आधी मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तपमान ४० अंश सेल्सिअसच्या घरात असते. मुख्य रस्ता सोडून वाडी-वस्तीकडे निघाले की काळ्या मातीचा व मुरमाचा धुरळा पुढच्या गाडीमागे बराच वेळ तरंगत राहतो. उष्णता, चढ आणि धूळ या तिन्ही गोष्टी एंजिनच्या श्वासमार्गाशी निगडित आहेत. म्हणूनच, मोटारीचा मूळ इनटेक काढून बाजारात मिळणारा पर्यायी इनटेक बसवावा काय, आणि बसवावयाचा झाल्यास कोणता, हा प्रश्न येथे केवळ हौसेचा राहत नाही. ज्या कुटुंबाचा व्यवसाय एकाच गाडीवर चालतो, त्याच्या दृष्टीने चुकीच्या निवडीची किंमत संपूर्ण एंजिनइतकी असू शकते.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूकी याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे आहे. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टरबाइन फिरते, त्याच दांड्यावरील संपीडक बाहेरची हवा दाबून सिलिंडरांकडे पाठवितो, आणि दाबल्यामुळे तापलेली हवा वाटेत इंटरकूलरमध्ये थोडी निवविली जाते. मोटारींच्या लहान टर्बोचार्जरमध्ये या दांड्याची गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या पुढे जाते. इनटेक म्हणजे या संपीडकापर्यंतचा मार्ग : हवा घेणारे तोंड, हवागाळणीची पेटी, तिच्यातील गाळणी (गॅरेजच्या भाषेत एअर फिल्टर), हवेचे वस्तुमान मोजणारा संवेदक आणि नळी.

पर्यायी इनटेक विकणाऱ्यांचा मुख्य दावा असा असतो, की मूळ गाळणी हवेस अडथळा करते, तो कमी केला की शक्ती वाढते. साध्या एंजिनाच्या बाबतीत या दाव्यात तथ्य आहे. टर्बोचार्जर असलेल्या एंजिनास मात्र तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण येथे सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेचा दाब एंजिनचे नियंत्रण-यंत्र ठरविते. इनटेकमध्ये अडथळा थोडा वाढला, तर टरबाइनकडे थोडे अधिक वायू वळवून तीच पातळी राखली जाते. अडथळा कमी झाला तर वेस्टगेट तितके आधी उघडते. अडथळा घटल्याचा फायदा होतो तो संपीडकाचे श्रम किंचित कमी झाल्यामुळे. तो फायदा किती, हे आकडेमोडीने पाहता येते.

दीड लिटरचे डिझेल एंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर पूर्ण भाराने चालत आहे, असे मानावे. पठाराची उंची ६५० मीटर धरल्यास बाहेरचा दाब सुमारे ९४ किलोपास्कल येतो. तपमान ४० अंश, संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के आणि संपीडकानंतरचा नियंत्रित दाब १९० किलोपास्कल धरावा. मूळ इनटेकचा अडथळा ३ किलोपास्कल असेल तर दाबाचे गुणोत्तर २.०९ होते व संपीडनामुळे हवा सुमारे १०५ अंशांनी तापते. पर्यायी इनटेकने अडथळा निम्म्यावर, म्हणजे १.५ किलोपास्कलवर आणला, तर गुणोत्तर २.०५ होते व तपमानवाढ १०२ अंशांपर्यंत उतरते. इंटरकूलर या जादा उष्णतेपैकी ७० टक्के काढून टाकतो असे धरल्यास सिलिंडरात शिरणाऱ्या हवेत पडणारा फरक एका अंशाहूनही कमी राहतो. शिवाय हा अडथळा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. निम्म्या प्रवाहावर, म्हणजे नेहमीच्या वाटचालीत, मूळचे ३ किलोपास्कल अवघे पाऊण किलोपास्कल उरतात. तेथे मिळवावयास फारसे काही शिल्लक नसते.

आता उलट बाजू. पुष्कळ पर्यायी इनटेकमध्ये पेटीच नसते. शंकूच्या आकाराची उघडी गाळणी बॉनेटखाली, एंजिनच्या शेजारी बसविलेली असते. घाट चढताना वेग कमी व भार जास्त असतो, त्यामुळे बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ तापते. ती ६० अंश धरली, तर संपीडकातून बाहेर पडणारी हवा १४२ ऐवजी सुमारे १६९ अंशांवर जाते आणि इंटरकूलरनंतरही ती ७ ते ८ अंशांनी अधिक उष्ण राहते. घनता सुमारे २ टक्क्यांनी घटते. म्हणजे अडथळा निम्मा करून मिळविलेला अंशभराचा लाभ गरम हवा घेतल्याने कितीतरी पटींनी गमावला जातो. वरील आकडे गृहीतांवर आधारलेले आहेत. गाडीगणिक ते बदलतील, निष्कर्षाची दिशा मात्र बदलणार नाही. उघड्या गाळणीतून संपीडकाची शीळ मोठ्याने ऐकू येते, आणि चालकास गाडी अधिक जोमदार झाल्यासारखी वाटते, त्यात या आवाजाचा वाटा बराच असावा. अपवाद करावयाचा तो शर्यतीच्या वा नियंत्रण-प्रणाली बदलून मूळ क्षमतेच्या बऱ्याच पुढे नेलेल्या गाड्यांचा. तेथे प्रवाह इतका वाढतो, की मूळ पेटी खरोखरच अपुरी पडते.

धुळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. वरील एंजिन पूर्ण भारावर मिनिटाला सुमारे ५ घनमीटर हवा ओढते. टर्बोचार्जर नसता तर ती २.७ घनमीटरच्या आसपास असती. हवा जितकी अधिक, तितकी धूळही अधिक. सरासरी प्रवाह मिनिटाला २ घनमीटर आणि कच्च्या रस्त्यावर हवेत दर घनमीटरला ०.१ ग्रॅम धूळ मानली, तर तासाला १२ ग्रॅम धूळ गाळणीपाशी येते. गाळणीची कार्यक्षमता ९९.५ टक्के असेल तर ०.०६ ग्रॅम आत जाते. ९७ टक्के असेल तर ०.३६ ग्रॅम. जाहिरातीत हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले तर फरक अडीच टक्क्यांचा भासतो. एंजिनच्या दृष्टीने तो सहापट आहे. म्हणून गाळणी किती धूळ अडविते यापेक्षा किती सोडते, हे पाहणे योग्य. आत गेलेले कण प्रथम अतिवेगाने फिरणाऱ्या संपीडकाच्या पात्यांच्या कडा झिजवितात. पुढे तेलाच्या पटलाच्या जाडीशी जुळणारे काही मायक्रॉन आकाराचे कण पिस्टनच्या कड्या व सिलिंडरची भिंत घासतात.

आय.एस.ओ. ५०११ या आंतरराष्ट्रीय चाचणी-पद्धतीत गाळणीची कार्यक्षमता, अडथळा व धूळ धरून ठेवण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी ठराविक प्रमाणित धुळीने मोजतात. ज्या पर्यायी गाळणीसोबत या तिन्हींचे आकडे दिलेले नसतील, तिचा विचार येथे करूच नये. आकडे असले तरी ते कोणत्या प्रतीच्या धुळीवर काढले आहेत हे पाहावे. जाड धुळीवरील कार्यक्षमता नेहमीच अधिक देखणी येते, आणि काळ्या मातीचा सुकलेला धुरळा तर अतिशय बारीक असतो.

गाळणीच्या प्रकारांपैकी घडीच्या कागदाची गाळणी आणि तेल लावलेल्या सुती जाळीची, धुऊन पुन्हा वापरता येणारी गाळणी, हे दोन मुख्य होत. सुती गाळणीचा अडथळा सामान्यतः कमी असतो, पण बारीक कण ती अधिक सोडते. शिवाय धुतल्यानंतर तेल जास्त झाले तर ते संवेदकाच्या तापलेल्या तारेवर जाऊन बसते. जुन्या ट्रॅक्टरांवरील तेलाच्या वाटीची गाळणी या भागातील शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. तिच्या अनुभवावरून ‘तेल असले म्हणजे धूळ अडतेच’ असा समज रूढ झाला असल्यास नवल नाही. पण मंद गतीवर तिचीही कार्यक्षमता उतरते. कागदी गाळणीचा एक गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. धुळीचा पातळ थर बसला की ती अधिक बारीक गाळू लागते, म्हणजे किंचित मळलेली गाळणी नव्या गाळणीपेक्षा चांगले काम करते. गॅरेजात दर खेपेस गाळणी काढून कॉम्प्रेसरने हवा मारण्याची जी पद्धत आहे, तिने हा थर तर जातोच, पण जोराच्या झोताने कागदास सूक्ष्म भोकेही पडतात. गाळणी चोंदल्याचा पुरावा मिळाल्यावर ती बदलावी, हेच श्रेयस्कर.

नळीच्या व्यासाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. हवा मोजणारा संवेदक मूळ नळीच्या छेदक्षेत्रफळाशी जुळवलेला असतो. अधिक रुंद नळीत हवेचा वेग कमी होतो व संवेदक प्रत्यक्षाहून कमी हवा नोंदवितो. डिझेल एंजिनात त्यामुळे धूर रोखण्यासाठी इंधन कमी सोडले जाते आणि शक्ती वाढण्याऐवजी घटते. पेट्रोल एंजिनात मिश्रण विरळ होते. तेव्हा संवेदकाचे कोंदण मूळ मापाचेच असावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने निर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. भारत-६ मानकांखालील (१ एप्रिल २०२० पासून लागू) गाड्यांची उत्सर्जन-चाचणी मूळ इनटेकसह झालेली असते.

या सर्वांवरून, लिंबागणेशसारख्या ठिकाणी मूळ पेटी कायम ठेवून तीत चाचणीचे आकडे असलेली उत्तम कागदी गाळणी बसविणे, हीच बहुतेक गाड्यांसाठी योग्य निवड ठरते. पेटी बदलावयाचीच असेल तर ती बंदिस्त असावी व तिचे तोंड बॉनेटबाहेरची थंड हवा घेणारे असावे. मात्र थंड हवेसाठी हे तोंड पुढच्या बंपरच्या खालच्या बाजूस नेण्याची जी रीत आहे, ती येथे धोक्याची आहे. पावसाळ्यात ओढ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, तर तेच तोंड पाणी ओढते. पाणी दाबले जात नाही, आणि डिझेल एंजिनाचे कनेक्टिंग रॉड एका क्षणात वाकतात.

कोणताही इनटेक बसविल्यावर सांधे व क्लॅम्प हवाबंद आहेत की नाहीत हे तपासणे गाळणीच्या निवडीइतकेच आवश्यक आहे. गाळणीनंतरच्या एका फटीतून शिरणारी धूळ कोणतीच गाळणी अडवू शकत नाही. याची कसोटी सोपी आहे. कच्च्या रस्त्यावर आठवडाभर गाडी चालवावी, नंतर एंजिन बंद करून गाळणी व संपीडक यांच्यामधली नळी सोडवावी आणि तिच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर मातकट रेघ उमटली, तर सांधा उघडून पुन्हा बसवावा. तरीही रेघ कायम राहिली, तर गाळणी बदलावी.