तटस्थ, निःपक्ष आणि उपेक्खा

“तुम्ही बौद्ध ना, मग तटस्थ राहा.” वस्तीवर अन्याय झाला, तक्रार द्यायची वेळ आली की आपल्या कार्यकर्त्यांना हा सल्ला हमखास मिळतो. कधी बाहेरच्यांकडून, तर कधी (हे जास्त खटकते) विहारातल्याच मंडळींकडून. वर उपेक्खेचा दाखला जोडला जातो. म्हणून या शब्दांची उकल करणे आम्हाला गरजेचे वाटते.

तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. निःपक्ष वेगळा. न्यायाधीश निःपक्ष असतो, म्हणजे नाते, जात, लाभ बाजूला ठेवून पुरावा पाहतो. पण निकाल त्याला द्यावाच लागतो आणि तो कोणाच्या तरी बाजूने जातोच. ‘न्यूट्रल’ म्हणताना आपण हे दोन्ही अर्थ एकातच कोंबतो.

उपेक्खा तर तिसरीच. मेत्ता, करुणा, मुदिता यांच्यानंतरचा हा चौथा ब्रह्मविहार. मराठीत ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष, पालीत उपेक्खा म्हणजे निंदा-स्तुतीने न ढळणारे समचित्त. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त अज्ञानातून येणाऱ्या बेफिकिरीला उपेक्खेचा जवळचा शत्रू म्हटले आहे. दिसायला सारखी, म्हणूनच धोक्याची. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये ही पारमिता औदासीन्यापासून वेगळी काढली: फळाने विचलित व्हायचे नाही, पण प्रयत्न सोडायचा नाही. आणि मध्यम मार्ग म्हणाल, तर तो कामसुख आणि आत्मक्लेश यांच्या मधला आहे. मारणारा आणि मार खाणारा यांच्या मधला नव्हे.

महाडचेच पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला, आणि नगरपालिका काठावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्यायली. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उलट हात उगारू दिला नाही. पण माघारही घेतली नाही. तळ्याबाबत सवर्णांनी घातलेला दिवाणी दावा ते लढत राहिले. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.