घरचा पाळणा आणि सरकारची वही

गेल्या वैशाखात आमच्या शाहूपुरीतील घरी दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. धाकट्या नातवाचा सहावा महिना सरून सूनबाईंची प्रसूतिरजा संपली, आणि गुडघ्यांच्या व्यथेमुळे त्याच्या आजीस डॉक्टरांनी मूल उचलून घेण्यास मनाई केली. रात्री जेवणे आटोपल्यावर सूनबाई हलक्या स्वरात म्हणाल्या, "बाबा, मी नोकरी सोडावी म्हणते." चिरंजीव गप्प बसले. आम्हीही मोठ्या शहाणपणाने कागद पुढे ओढला, सूनबाईंच्या पगारातून पाळणाघराचा खर्च वजा केला आणि "उरते ते काय?" असा प्रश्न केला.

तो हिशेब चुकीचा होता. तो का चुकला, हे समजण्यास आम्हांस दोन महिने कायद्याची पुस्तके चाळावी लागली. त्यांतून जे हाती आले ते वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम रजेविषयी. मातेस प्रसूतिकाळी वेतन मिळावे असा कायदा या देशात पहिल्याने केला तो मुंबई इलाख्याने, १९२९ साली. पुढे १९६१ मध्ये तो सर्व देशासाठी झाला, आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांपुरती बारा आठवड्यांची मुदत सव्वीस आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सर्व नियम सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाले आहेत. कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मातेस नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा त्यास पाजण्यासाठी सुटी मिळते, हे पुष्कळ घरी ठाऊकच नसते. तसेच जेथे पन्नास किंवा अधिक माणसे कामास आहेत तेथे पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक असून मातेस दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आहे. परंतु सूनबाईंच्या कचेरीत माणसे अवघी तीस! कायद्याचा हात तेथपर्यंत पोहोचत नाही.

सरकारी नोकरीत स्थिती बरी आहे. केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांस संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, आणि आपल्या राज्य सरकारनेही २०१८ मध्ये १८० दिवसांची तशी रजा मंजूर केली. खाजगी नोकरीतील मातेस हा आधार नाही.

आता प्राप्तिकर. येथे आमची चांगलीच फजिती झाली. थोरल्या नातीच्या शाळेची फी आम्ही हौसेने आपल्या निवृत्तिवेतनातून भरली होती आणि तिची वजावट आपणांस मिळेल अशा समजुतीत होतो. कायदा म्हणतो, वजावट आईबापांनाच, तीही स्वतःच्या दोन मुलांपुरती. आजोबांचे प्रेम त्या वहीत कोठेच बसत नाही! आजोबांस मदत करावयाची असेल तर त्यांनी ती रक्कम मुलास द्यावी. पित्याने पुत्रास दिलेल्या देणगीवर पुत्रास कर लागत नाही. मग फी मुलाने वा सुनेने आपल्या खात्यातून भरावी. दुसरी गोष्ट, वजावट केवळ शिक्षणशुल्काची मिळते. देणगी, विकासनिधी, बसभाडे यांची नाही. आमच्या हाती आलेल्या पावतीवर सारे एकाच आकड्यात कोंबले होते, आणि शुल्काची स्वतंत्र पावती मिळविण्यास तीन खेपा पडल्या. बालवाडीचे शिक्षणशुल्क चालते. पाळणाघराचा वा दाईचा खर्च मात्र चालत नाही.

याहून मोठी गोष्ट तिसरी. ही वजावट केवळ जुन्या करपद्धतीत आहे, आणि तीही विमा, भविष्यनिर्वाह निधी वगैरे धरून दीड लाखांच्या मर्यादेत. १२ लाख पगाराच्या गृहस्थाचे उदाहरण घ्या. २०२५-२६ या वर्षी जुन्या पद्धतीत ५०,००० ची ठोक वजावट आणि हे पुरे दीड लाख वगळले तरी १० लाखांवर, उपकरासह, १,१७,००० रुपये कर होतो. नव्या पद्धतीत ७५,००० ची ठोक वजावट होऊन उरलेल्या ११,२५,००० वर सवलतीमुळे कर शून्य! म्हणजे अशा घरी शाळेच्या पावत्या जपून ठेवण्याचे कारण उरत नाही. भाड्याचे घर वा गृहकर्ज असेल त्यांनी दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून पाहावी. शिवाय पतिपत्नींचे उत्पन्न आपल्याकडे एकत्र धरत नाहीत. प्रत्येकाचा हिशेब निराळा. घर एकत्र असले तरी पगार हे अविभक्त कुटुंबाचे उत्पन्न ठरत नाही.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहू. तेथे नोकरी करणाऱ्या पात्र आईबापांनी बालसंगोपनासाठी खात्यात आठ पौंड ठेवले की सरकार त्यात दोन घालते, मुलामागे वर्षाला दोन हजार पौंडांपर्यंत. सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या मुलापासून पुढे, शाळेच्या वर्षातील ३८ आठवडे, आठवड्यास तीस तास संगोपन विनामूल्य आहे. आपल्याकडे अंगणवाडीची योजना १९७५ पासून चालू आहे, आणि सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिच्या जोडीने 'पाळणा' योजनेखाली पाळणाघरे उघडत आहेत. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेथे या कामास उशीर होऊ नये. संहितेप्रमाणे अनेक आस्थापनांस मिळून सामाईक पाळणाघर चालविता येते. शाहूपुरीतील दहा लहान कचेऱ्यांनी स्वेच्छेने असे केले, तर किती सूनबाईंचा प्रश्न सुटेल!

आता आमच्या चुकीविषयी. पाळणाघराचा खर्च आम्ही सूनबाईंच्याच पगारातून वजा केला होता. चिरंजीवांच्या का नाही? मूल दोघांचे, तर खर्चही दोघांचा. शिवाय नोकरी सोडली असती तर आजचा पगारच काय, पुढील बढत्या आणि भविष्यनिर्वाह निधी, सारेच गेले असते. आमच्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता.

नवा कागद आम्ही तिघांनी बसून केला. सकाळचे चार तास बाळ शेजारच्या गल्लीतील पाळणाघरात, दुपारनंतर आमच्याकडे. गोकुळ शिरगावहून परतल्यावर संध्याकाळ चिरंजीवांची. पाळणाघराची रक्कम दोघे निम्मी निम्मी देतात. सूनबाई कामावर रुजू झाल्या.

संस्कृतात 'कर' या शब्दाचा एक अर्थ सरकारी देणे, दुसरा हात. सरकारचा एक कर घेतो. त्याचा दुसरा कर पाळण्याच्या दोरीला कधी लागेल तो लागो. तोवर ती दोरी एकट्या सुनेच्या हाती देऊन आपण वर्तमानपत्र वाचीत बसावे, हे आम्हां आजोबांस शोभत नाही.