रात्रपाळीचा निरोप्या

महिनाअखेरीस पगार बँकेत जमा होतो, तेव्हा तो तिथवर पोचला कसा, हा विचार आपल्यापैकी कितीजण करतात? कित्येक कचेऱ्यांत रात्री सामसूम झाल्यावर संगणक पगाराची यादी आपणहून बँकेच्या संगणकाकडे पोचवतो. त्याला हे काम नेमून देणारी हुकमांची चिठ्ठी म्हणजे ‘स्क्रिप्ट’.

फायली पाठविण्याची जुनी रीत एफटीपी. तिचा पहिला मसुदा १९७१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये लिहिला तो अभय भूषण यांनी. आपल्या कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी! पण तो काळ विश्वासाचा. परवलीचा शब्दसुद्धा पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जाई. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी असे शब्द वाटेतच टिपले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी सारे बोलणे सांकेतिक करून नेणारी ‘एसएसएच’ ही व्यवस्था रचली. एफटीपीचे दार २१ क्रमांकाचे, टेलनेटचे २३. मधले २२ त्यांनी मागून घेतले. आजची एसएफटीपी सहसा त्याच दारातून जाते.

स्क्रिप्टमध्ये परवलीचा शब्द लिहून ठेवणे म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणे. म्हणून किल्ल्यांची जोडी करतात. खाजगी आपल्यापाशी, सार्वजनिक बँकेपाशी. खाजगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येईल अशी ठेवलीत, तर एसएसएच ती हातातही धरीत नाही!

इथवर सारे ठीक. खरी मेख पुढेच आहे. बँक आपल्याला ओळखते. पण समोर बँकच आहे कशावरून? पहिल्या भेटीत संगणक अंगठ्याच्या ठशासारखी अक्षरांची ओळ दाखवून विचारतो, ‘यांची ओळख पटत नाही, पुढे जाऊ का?’ माणसाने तो ठसा ताडून पाहावा, अशी अपेक्षा. (बहुतेकजण न वाचताच ‘यस’ लिहून मोकळे होतात, ही गोष्ट वेगळी.) रात्री दोन वाजता स्क्रिप्टच्या वतीने कोण उत्तर देणार? काम अडते. मग एखादा उतावीळ गृहस्थ ही चौकशीच बंद करून टाकतो. दुसऱ्या दिवसापासून सारे सुरळीत! मात्र वाटेत एखादा भामटा बँकेचे सोंग घेऊन बसला, तर साऱ्यांची नावे, खातेक्रमांक आणि पगार, कुलूपबंद पेटीतून, थेट त्याच्याच हाती.

शहाणा माणूस बँकेचा ठसा आधीच मागवून ‘नोन होस्ट्स’ नावाच्या वहीत नोंदवतो. पुढे तो बदललेला दिसला, की स्क्रिप्टने थांबावे आणि कुणाला तरी उठवावे. कधी बँकेने खरोखरच यंत्र बदललेले असते, पगार एक दिवस लांबतो, कारकुनाला बोलणी बसतात. बसू द्यात! नवा ठसा फोनवरून ताडून घ्यावा; पण फोन आपण करावा, आणि नंबर जुन्या करारपत्रातला घ्यावा, ‘ठसा बदलला’ असे कळविणाऱ्या पत्रातला नव्हे.