पांढरा तो पांढरा नव्हे

मुखेडात दिवाळीच्या तोंडावर एखादी भिंत दुरुस्त केली, की प्रश्न येतो: जुना रंग एशियन पेंट्सचा, हाताशी डबा बर्जरचा किंवा नेरोलॅकचा. दुकानात नुसतं ‘आयव्हरी द्या’ म्हणून भागत नाही. नाव सारखं असलं तरी रंग सारखा असेलच असं नाही.

आयव्हरीसारखा उबदार पांढरा म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये टिंटिंग मशीनने सोडलेला किंचित पिवळा, तांबूस, काळा रंग. बेसची शुभ्रता टायटॅनियम डायऑक्साइडची. प्रत्येक कंपनीचा बेस आणि मिसळायचे रंग वेगळे, त्यामुळे एकीचं सूत्र दुसरीच्या मशीनवर चालवलं तर झाक बदलते. गडद रंगात एवढा फरक खपून जातो, फिकट पांढऱ्यात मात्र नजर तिथेच अडते.

त्यात उजेडाची भर. दिवसा एकसारख्या दिसणाऱ्या दोन भिंती रात्री पिवळ्या एलईडीखाली वेगळ्या पडू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. मॅट आणि चकाकीचे रंगही शेजारी ठेवले की वेगळे भासतात.

म्हणून शेड कार्डावर विसंबू नका. भिंतीवरून रुपयाएवढा सपाट, स्वच्छ पापुद्रा काढून दुकानात न्या. तिथे रंग मोजणारा स्कॅनर असेल तर त्याला हा पापुद्राच दाखवा. वर्षानुवर्षांच्या धुळीने, धुराने भिंत बदललेली असते, तेव्हा जुन्या रंगाचा शेड कोड जुळेलच असं नाही. आधी छोटा डबा घ्या, पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि भिंतीला लावून दिवसा-रात्री पाहा. तरीही फरक दिसला, तर ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत रंगवा.