नदीच्या तळचे पहारेकरी

नदीचें पाणी चांगलें कीं वाईट, हें आपण बहुधा डोळ्यांनीं व नाकानें ठरवितों. पाणी नितळ असलें व त्यास वास नसला म्हणजे तें शुद्ध, असा आपला समज असतो. परंतु कारखान्यांतून निघणारे शिसें, पारा, कॅडमियम यांसारखे धातु अथवा शेतांवर फवारलेलीं कीटकनाशकें पाण्यांत विरघळलीं, तरी पाणी पूर्वीइतकेंच नितळ दिसूं शकतें. डोळा व नाक येथें फसतात.

रसायनशाळेंत अशा पाण्याची परीक्षा करितां येते, हें खरें. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस अशा परीक्षेची थोडीबहुत ओळख आहेच. पण त्या परीक्षेस दोन मोठ्या मर्यादा आहेत. सकाळीं सात वाजतां बाटलींत भरलेलें पाणी हें सकाळीं सात वाजतांच्या नदीचें असतें. मध्यरात्रीं कोणी चोरून घाण सोडली व ती उजाडण्यापूर्वीं वाहून गेली, तर बाटलीस त्याची वार्ताहि नसते. दुसरें असें कीं, रसायनज्ञ ज्या विषाचा शोध करितो तेंच त्यास सांपडतें; ज्याची त्यास शंकाच आली नाहीं, तें निसटून जातें. यासाठीं रात्रंदिवस पाण्यांतच राहून त्याची पारख करणारा कोणी तरी पाहिजे. असा प्राणी नदीच्या तळाशीं, वाळूंत अर्धा रुतून बसलेला आहे. तो म्हणजे गोड्या पाण्यांतील शिंपला.

शिंपला आमच्या मुलांस ठाऊक आहे तो बहुधा रिकामा. जिवंत शिंपला पाहिलेले थोडेच. त्याचीं दोन कवचें एका बाजूस बिजागरीनें जोडलेलीं असतात, आणि त्या बिजागरीपाशीं एक लवचिक बंध असतो. हा बंध कवचें सदैव उघडीं ठेवूं पाहतो. तीं मिटावयाचीं झाल्यास प्राण्यास आपले स्नायू आवळावे लागतात. म्हणजे उघडें राहण्यास त्यास श्रम नाहींत, मिटण्यास मात्र आहेत. मेलेला शिंपला उघडा पडतो याचें कारण हेंच.

कवचें किंचित् उघडीं ठेवून तो एका वाटेनें पाणी आंत घेतो व दुसरीनें बाहेर सोडतो. आंत त्याचे कल्ले असतात व त्यांवर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू सारखे हालत असतात. त्या पाण्यांतील प्राणवायु तो श्वासासाठीं घेतो, आणि त्यांतच तरंगणारें बारीक शेवाळ व इतर कण गाळून खातो. त्याचा श्वास व त्याचा घास एकाच प्रवाहांतून येतो. दिवसभरांत एक शिंपला अशा रीतीनें कित्येक लीटर पाणी गाळतो. पाण्यांत कांहीं बोचक आलें कीं तो एकदम मिटतो व तें निघून जाईपर्यंत तसाच राहतो. पळून जाण्यास त्यास माशासारखे पर नाहींत. दार लावून घेणें एवढाच त्याचा उपाय.

मनुष्यानें या दारावरच नजर ठेविली आहे. पोलंड देशांत वार्सा व पोझ्नान या शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या ठिकाणीं आठ आठ शिंपले पहाऱ्यास बसविले आहेत. प्रत्येक शिंपल्याचें एक कवच खालीं घट्ट चिकटवितात व दुसऱ्यावर एक लहानसें चुंबक लावतात. समोरील उपकरण त्या चुंबकाचें अंतर सतत मोजतें, आणि शिंपला किती उघडा आहे हें यंत्रावर दिसत राहतें. शहराकडे जाणाऱ्या पाण्याचा एक प्रवाह त्यांच्यावरून वाहत असतो. बहुसंख्य शिंपले एकाच वेळीं मिटले, तर यंत्र धोक्याची सूचना देतें.

आठच कां, एक कां नाहीं? तर शिंपल्यासहि स्वभाव असतो. एखादा उगीच विसावा घ्यावयास मिटतो, एखादा हादऱ्यानें बुजतो. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर निवाडा करूं नये, हा शास्त्रांतील जुना नियम येथेंहि उपयोगीं पडतो. म्हणून प्रथम कांहीं दिवस प्रत्येकाची उघडझांक पाहून त्याची संवय टिपून ठेवितात, व मगच त्यास कामावर घेतात. सुमारें तीन महिन्यांनीं त्याची पाळी संपते. तो तेथील पाण्यास रुळला म्हणजे पहिल्यासारखा चटकन् बुजत नाहीं, असें म्हणतात. मग त्यास परत तळ्यांत सोडून देतात. इंग्लंडांत कोळशाच्या खाणींत विषारी वायु ओळखण्यासाठीं १९८६ सालापर्यंत कॅनरी पक्षी ठेवीत असत. तो बिचारा स्वतः कोसळून मजुरांस सावध करी. शिंपला नुसतें दार लावून तेंच काम करितो व नोकरी संपवून घरीं जातो. आम्हांस ही रीत अधिक दयाळूपणाची वाटते.

अशा पहाऱ्याची गरज किती, हें ऱ्हाईन नदीच्या कांठच्या लोकांस चांगलें ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळ रसायनांच्या एका कोठारास आग लागली. विझविण्यासाठीं ओतलेलें पाणी कीटकनाशकें व रंग घेऊन नदींत गेलें. नदी तांबडी झाली, आणि खालच्या बाजूस लाखांवर वाम मासे मेले. ती आग होती म्हणून सर्वांस दिसली. न दिसणारी गळती झाली तर? या प्रश्नानंतर त्या नदीवर सजीव पहारेकऱ्यांची ठाणीं वाढलीं, व त्यांत अंगावर झेब्र्यासारखे पट्टे असलेल्या लहान शिंपल्यांचाहि उपयोग होऊं लागला.

मिटणें ही शिंपल्याची तात्काळ साक्ष. त्याची दुसरी साक्ष सावकाश लिहिली जाते. पाण्यांत जड धातूंचा अंश इतका थोडा असला कीं शिंपला मिटतहि नाहीं, तरी तो दिवसेंदिवस त्याच्या मांसांत सांचत जातो व अखेर पाण्यांतल्याहून कितीतरी पट होतो. म्हणून स्वच्छ जागचे शिंपले जाळीच्या पिंजऱ्यांत घालून कांहीं कारखान्याच्या वरच्या बाजूस व कांहीं खालच्या बाजूस ठेवितात, आणि कित्येक आठवड्यांनीं दोहोंच्या मांसाची परीक्षा करितात. दोहोंत मोठें अंतर पडलें, म्हणजे मधल्या जागेकडे बोट दाखवितां येतें. समुद्रकांठच्या शिंपल्यांवरून अशी पाहणी करावी, ही कल्पना अमेरिकेंतील एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञानें १९७५ सालीं मांडली. १९८६ पासून त्या देशाच्या सरकारनें ती किनाऱ्याकिनाऱ्यानें अमलांत आणिली.

तथापि शिंपल्यावर सारा भार टाकणें शहाणपणाचें नाहीं. तो “कांहीं तरी बिघडलें” एवढेंच सांगतो. काय बिघडलें हें रसायनशाळेनेंच शोधावयाचें. शिवाय पटकी किंवा विषमज्वर यांचे जंतू पाण्यांत असले म्हणून तो मिटेल असें नाहीं. बारीक जंतू तर तो पाण्याबरोबर गाळून घेतो. तेव्हां शिंपले उघडे आहेत, मग पाणी उकळावयास नको, असें आमच्या कोणा विद्यार्थ्यानें घरीं आईस सांगूं नये! उलट घाणेरड्या नदींतील शिंपले खाण्यांत आले, तर त्यांनीं सांठविलेलें विष खाणाराच्या पोटांत जाण्याचा संभव असतो.

आपल्या महाराष्ट्रांतील नद्यांत व तळ्यांतहि अशा शिंपल्यांच्या जाति आहेत, आणि गोदावरींतील शिंपल्यांवर जड धातूंचा काय परिणाम होतो, याचे प्रयोग येथील प्राणिशास्त्रज्ञांनीं केले आहेत. मुलांनीं उन्हाळ्यांत वडील माणसांबरोबर नदीवर गेल्यास कोरड्या वाळूंतील रिकामीं कवचें अवश्य पाहावींत. त्यांवर झाडाच्या बुंध्यांतल्याप्रमाणें वाढीच्या रेषा असतात. जिवंत शिंपले मात्र उपटूं नयेत; ते कोठें व केवढे आहेत एवढेंच पाहावें. लहान व मोठे दोन्ही दिसले तर चांगलें. शिंपल्याचें पिल्लूं जन्मल्यावर कांहीं दिवस माशाच्या कल्ल्यास किंवा परास चिकटून राहतें, व मगच तळाशीं उतरून स्वतंत्र होतें. मासे नाहींसे झाले, किंवा तळ गाळानें भरून गेला, कीं नवे शिंपले होत नाहींत. जुने मात्र कित्येक वर्षें तग धरून राहतात. म्हणून ज्या डोहांत सारे शिंपले मोठे व म्हातारे, आणि बोटाच्या पेराएवढा एकहि नाहीं, त्या डोहाची विचारपूस मोठ्या माणसांनीं लवकर करावी.